वाचकांचे प्रश्न : आवाजातून शिकवताना

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची निघाली : विद्यापीठांच्या ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांत पॉडकास्टचा, म्हणजे मोबाइलवर हवे तेव्हा ऐकता येणाऱ्या ध्वनिपाठांचा, उपयोग कसा करावा. पत्रलेखकांत शिकवणारे आहेत, शिकणारे आहेत आणि रेडिओ ऐकत आयुष्य घालवलेले एक सेवानिवृत्त गुरुजीही आहेत. पत्रे दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावरून आलेली असल्यामुळे उत्तरेही त्याच मुलखाला धरून दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. ऑनलाइन अभ्यासक्रमातील एक विषय माझ्याकडे आला आहे. गावोगावी रेंजची रड असल्यामुळे व्हिडिओ चालत नाही, म्हणून मी वर्गातील पन्नास मिनिटांची व्याख्याने ध्वनिमुद्रित करून पॉडकास्ट म्हणून दिली. बहुतेक विद्यार्थी पहिल्या दहा मिनिटांतच ऐकणे सोडतात असे दिसते. चूक कुठे होत असावी?

उत्तर : आपण विद्यार्थ्यांना दिली ती वर्गातील तासाची ध्वनिफीत, आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे. वर्गात आपण बोलता तेव्हा फळ्यावर नकाशा असतो, समोरच्या चेहऱ्यांवरून कुठे थांबायचे ते कळते, ‘हे इथे पाहा’ म्हणून बोट ठेवले की अर्धे वाक्य बोलावेच लागत नाही. ध्वनिफितीत यांतले काही उरत नाही. उरतो तो खोकला, बाकांची सरकासरक आणि कोणाला तरी उद्देशून म्हटलेले ‘मागे काय चालले आहे?’ घरी ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला आपण दाराबाहेर उभे राहून दुसऱ्यांचा तास ऐकत आहोत असे वाटू लागते, आणि दहा मिनिटांत तो निघून जातो.

कानाची आणि डोळ्यांची रीत वेगळी आहे, हे पाठ लिहायला बसण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे लागते. छापील पानावर वाचक अडला तर दोन ओळी मागे जातो. ऐकणाऱ्याच्या हातून मात्र वाक्य निसटून गेलेले असते, आणि ते परत पकडण्यासाठी त्याला खिशातून मोबाइल काढावा लागतो. एका दमात तीन सनावळ्या आणि चार नावे सांगितली, तर त्यांतील एकही त्याच्यापाशी राहत नाही. म्हणून एका भागात एकच प्रश्न घ्यावा. ‘मध्ययुगीन कोकणातील सागरी व्यापार’ हे प्रकरणाचे शीर्षक म्हणून चांगले आहे, पण त्याचा एक भाग होत नाही. ‘१६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार का लुटली?’ हा मात्र एका भागाचा ऐवज आहे. आदल्या वर्षी पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफगोळ्यांची मदत केली होती, इथपासून सुरुवात केली की वखार म्हणजे काय, परकीय व्यापाऱ्यांनी तटस्थता का सोडली आणि बंदर ताब्यात असणे म्हणजे नेमके काय ताब्यात असणे, हे तीनही मुद्दे त्या एका प्रश्नाच्या ओघात येतात. पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी अफनासी निकितिन चौल येथे उतरला आणि परतताना दाभोळहून निघाला; त्याच्या वाटेवर दुसरा भाग उभा राहील. सनावळ्या, नकाशा आणि कठीण नावे मात्र आवाजात कोंबू नयेत. त्यांचे एक पान वेगळे द्यावे आणि बोलताना ‘पानावरील दुसरा नकाशा’ असा निर्देश करावा.

आता लांबीविषयी. समजेल अशा गतीने मराठी बोलणारा माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो. त्या हिशेबाने पंधरा मिनिटांचा भाग म्हणजे अठराशे-एकोणीसशे शब्दांची संहिता, आणि आपले पन्नास मिनिटांचे व्याख्यान म्हणजे सहा हजारांहून अधिक शब्द. तेवढे शब्द एका बैठकीत वाचायला दिले तरी विद्यार्थी कुरकुर करतील. बारा ते पंधरा मिनिटे पुरेशी आहेत, आणि त्यांतही मध्ये एकदा ‘आता येथे थांबवा आणि दोन ओळी लिहा’ असे सांगून खरोखर काही सेकंद शांतता ठेवावी. रेंजच्या दृष्टीनेही हे सोयीचे आहे. साध्या बोलण्याला स्टिरिओची गरज नसते. एका चॅनेलवर ६४ केबीपीएस दराने केलेली एमपीथ्री फाइल मिनिटाला अर्ध्या एमबीहूनही किंचित कमी जागा घेते, म्हणजे पंधरा मिनिटांचा पूर्ण भाग सुमारे सात एमबीत बसतो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उंच माळावर, जाऊन रेंज पकडणारा विद्यार्थीही तो एका खेपेत उतरवून घेऊ शकतो.

संपूर्ण अभ्यासक्रम पॉडकास्टमध्ये बसवण्याचा आग्रह मात्र धरू नये. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम’ या राष्ट्रीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांची रचनाच मुळी चार अंगांची आहे : व्हिडिओ व्याख्याने, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि चर्चेचे दालन. आवाज या अंगांना जोडून घेतो. त्यांची जागा घेत नाही. माझ्या अनुभवात सर्वाधिक ऐकले गेलेले भाग विषय समजावून सांगणारे नव्हते. दर पंधरवड्याला विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासून झाल्यावर मी आठ मिनिटांचा एक भाग करीत असे, ज्यात ‘या वेळी पुष्कळांनी वखार आणि वसाहत यांत गल्लत केली आहे’ अशा तऱ्हेची उत्तरे असत. एरवी ज्यांचा आवाजही कधी ऐकू येत नसे, ते विद्यार्थी हा भाग दोन दिवस उशिरा आला तर विचारणा करीत. दूरस्थ विद्यार्थ्याला माहितीची वानवा नसते; आपले लिहिलेले कोणी वाचले आहे, एवढे कळायची त्याला भूक असते. तीस पाठांच्या अभ्यासक्रमात असे आठ-दहा भाग आणि प्रश्न मांडणारे आणखी सात-आठ भाग केलेत तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : मी संगमेश्वरहून रोज रेल्वेने रत्नागिरीला नोकरीसाठी जातो आणि मुक्त विद्यापीठातून पदवी करतो. जाता-येता सगळे पॉडकास्ट ऐकून होतात, पण परीक्षेला बसलो की काही आठवत नाही. ऐकण्याने अभ्यास होतच नाही का?

उत्तर : होतो, पण तुम्ही सध्या करीत आहात तो अभ्यासाचा पहिला निम्मा भाग आहे. कानावर ओळखीचे शब्द पडत राहिले की ‘हे मला येते’ असा भास होतो, आणि तोच घात करतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग या बाबतीत पुष्कळ काही सांगून जातात. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने पुन्हा न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

पॉडकास्टविषयी २००९ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात झालेला अभ्यासही नेहमी सांगितला जातो. एकच व्याख्यान काहींनी वर्गात बसून ऐकले, तर काहींनी स्लाइडसह पॉडकास्टच्या रूपाने घेतले. चाचणीत पॉडकास्टवाल्यांना सरासरी ७१ आणि वर्गातील मुलांना ६२ गुण पडले. एवढेच वाचून पुष्कळांनी पॉडकास्टचा जयजयकार केला. बारकाईने पाहता आघाडी होती ती ऐकताना टिपणे काढणाऱ्यांची. शिवाय तो प्रयोग एकाच व्याख्यानापुरता होता, हेही विसरू नये.

तेव्हा असे करून पाहा. सकाळी गाडीत भाग नुसता ऐका. समजले नाही तरी मागे जाऊ नका. संध्याकाळी परतताना पुन्हा ऐकण्याऐवजी, सकाळच्या भागात काय होते ते आठवून वहीत पाच-सहा ओळी लिहा, आणि जिथे अडलात तेवढाच तुकडा पुन्हा लावा. भाकऱ्या भाजताना, कपडे धुताना ऐकणारे पुष्कळ आहेत. पहिल्या ऐकण्याला त्याने काही बिघडत नाही, मात्र दुसऱ्या वेळेला हात लिहिण्यासाठी मोकळे हवेत. दीडपट गतीने ऐकण्याची सवय असेल तर ती ओळखीच्या विषयापुरती ठेवा. नवी संकल्पना धावत्या गतीने ऐकणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि भाग घरूनच उतरवून घ्या. उक्षी सोडल्यावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नेमका महत्त्वाचा मुद्दा त्या अंधारात अडकतो आणि मग राहून जातो तो कायमचा.

प्रश्न : मी मालवणकडील सेवानिवृत्त शिक्षक. आम्ही रेडिओवरून शिकलो, शिकवले. आता त्यालाच पॉडकास्ट असे नाव देऊन नवा शोध लागल्यासारखे का मिरवले जाते?

उत्तर : गुरुजी, आपली तक्रार निम्मी मान्य. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये अध्यापन सुरू केले ते छापील पाठ, दूरचित्रवाणी आणि रेडिओ यांच्या बळावर, आणि पुढे त्यांत ध्वनिफितींची भर पडली. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. शिक्षणासाठी वाहिलेली ‘ज्ञानवाणी’ ही एफएम सेवा २००१ मध्ये सुरू झाली. ‘पॉडकास्ट’ हा शब्दच २००४ चा. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या सुमारे १,६५० विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले, तेव्हा या उपकरणाचे नेमके करायचे काय, हे पुष्कळ प्राध्यापकांना वाटप झाल्यानंतर ठरवावे लागले. यंत्र आधी आणि प्रयोजन मागाहून, ही रीत त्यानंतरही फारशी सुटलेली नाही.

नवे आहे ते एवढेच, की रेडिओची वेळ रेडिओची असे आणि पॉडकास्टची वेळ ऐकणाऱ्याची असते. आपल्या शाळेत प्रसारणाच्या वेळी वीज गेली किंवा खरखर सुरू झाली तर तो पाठ गेला तो गेलाच. आता विद्यार्थी तो थांबवतो, मागे नेतो, रात्री दहाला ऐकतो. शिवाय एकदा नोंद केली की नवा भाग त्याच्या मोबाइलवर आपोआप येऊन पडतो.

पण रेडिओकडे जे होते आणि आमच्या पॉडकास्ट करणाऱ्यांकडे नाही, तेही सांगितले पाहिजे. आकाशवाणीवर भाषण द्यायचे तर संहिता आधी लिहून द्यावी लागे, ती तपासली जाई, आणि वेळ संपली की लाल दिवा कोणाची भीड ठेवत नसे. त्यामुळे वक्ता वाक्य तोडून लिहायला, एकेका शब्दाचे वजन करायला शिकत असे. आज वेळेची मर्यादा नाही म्हणून सुचेल तसे बोलले जाते आणि ‘म्हणजे’, ‘तर’, ‘आपण बघूया’ यांतच तीन मिनिटे जातात. आपल्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकांनी जवळच्या महाविद्यालयातील तरुण प्राध्यापकांच्या संहिता मोठ्याने वाचून तपासून दिल्या, तर मोठेच काम होईल. जीभ जिथे अडखळते तिथे कानही अडखळणार आहे, हे आपल्याला त्यांच्याहून लवकर कळेल.

प्रश्न : माझ्या ऑनलाइन वर्गात एक विद्यार्थिनी कमी ऐकू येणारी आहे. तिच्या एकटीसाठी प्रत्येक भागाचे लेखी रूप तयार करणे आवश्यक आहे का? वेळ फार जातो. (देवगड)

उत्तर : आवश्यक आहे, आणि ते तिच्या एकटीसाठी नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा २०१६ चा कायदा उच्च शिक्षणालाही लागू आहे, आणि वेबवरील मजकूर सर्वांना सुलभ असावा यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांत नुसत्या ध्वनिमुद्रणाला लेखी पर्याय देणे ही सर्वांत खालच्या, म्हणजे किमान पातळीची अट आहे. हे झाले नियमाचे. व्यवहार असा, की परीक्षेच्या आदल्या रात्री पंधरा मिनिटांचा भाग ऐकत बसायला कोणालाही सवड नसते. त्या रात्री सगळा वर्ग आपले लेखी रूपच उघडणार आहे.

वेळ जातो, कारण आपण आधी बोलता आणि मग उतरवता. आधी लिहा आणि मग बोला, म्हणजे लेखी रूप तयारच असते. बोलताना झालेले फेरफार तेवढे त्यात घालायचे. दोघांच्या संवादाचा भाग असेल तर यंत्राकडून मसुदा काढून घ्यायला हरकत नाही, परंतु गावांची नावे, सन आणि पारिभाषिक शब्द एकेक करून तपासावेत. बोलणारा मालवणीत शिरला की यंत्राची पुरती दाणादाण उडते. बोलण्यातील वळण, कोण बोलत आहे आणि मागे ऐकू येणारा अर्थपूर्ण आवाज, उदाहरणार्थ पखवाज किंवा लाटा, यांची नोंद कंसात द्यावी. लेखी रूप भागाबरोबरच द्या. आठवड्याने दिलेत तर ती मुलगी आठवडाभर मागे राहील.

प्रश्न : जून ते सप्टेंबर घराच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की ध्वनिमुद्रण अशक्य होते. स्टुडिओ जवळपास नाही. स्वस्तात काय करता येईल?

उत्तर : पहिला उपाय कॅलेंडरचा. पावसाळ्यात द्यायचे विषयाचे भाग मे महिन्यातच मुद्रित करून ठेवावेत. आंब्याच्या धांदलीत ते कठीण वाटेल, पण पत्र्याशी भांडण्यापेक्षा सोपे आहे. स्वाध्यायांवरील उत्तरांचे भाग मात्र त्या त्या वेळीच करावे लागतात. त्यासाठी घरातील वर मजला किंवा माळा असलेली, रस्त्याकडे खिडकी नसलेली सर्वांत लहान खोली शोधावी. मोकळ्या भिंती आवाज परतवतात आणि विहिरीत बोलल्यासारखे वाटते, म्हणून समोर आणि पाठीमागे गोधड्या टांगाव्यात, खाली सतरंजी घालावी. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट समोर असेल तर तेही गोधडीचेच काम करते. पंखा आणि शक्य असल्यास फ्रिज बंद ठेवावा. फ्रिज पुन्हा सुरू करायला माणसे विसरतात आणि संध्याकाळी घरात कोर्ट भरते, म्हणून मी फ्रिजच्या दाराला आठवणीची चिठ्ठी चिकटवूनच मुद्रणाला बसत असे.

मोबाइल चालतो. तो विमान-स्थितीत ठेवून तोंडापासून वीतभर अंतरावर, पण समोर न धरता किंचित बाजूला धरावा, नाहीतर आपल्या भाषेतील फ, भ आणि ठ यांचा वारा माइकवर आपटतो. चार पैसे खर्च करायचे असतील तर कॉलरला लावायचा साधा माइक घ्यावा. महागड्या माइकपेक्षा शांत खोलीचा उपयोग जास्त होतो. सुरुवातीला दहा सेकंद काही न बोलता मुद्रण चालू ठेवावे. ‘ऑडॅसिटी’ या मोफत संगणकप्रणालीत त्या शांततेचा नमुना दाखवून एकसारखी घरघर बरीच कमी करता येते. पावसाची सर मात्र एकसारखी नसते, त्यामुळे ती काढायला गेल्यास आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. बोलताना चूक झाली तर थांबून एक टाळी वाजवावी आणि वाक्य पहिल्यापासून म्हणावे. संगणकावर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखात टाळीचे टोक उंच दिसते आणि कापायची जागा शोधावी लागत नाही.

एक गोष्ट आवडीची म्हणून सांगतो. दूरवर पागोळ्यांचा हलका आवाज राहिला तर तो राहू द्यावा. मुंबईच्या खोलीत बसून ऐकणाऱ्या आपल्या चाकरमानी विद्यार्थ्याची त्याबद्दल तक्रार येणार नाही.

प्रश्न : मी लेखाकर्म आणि संख्याशास्त्र शिकवतो. मलाही पॉडकास्ट करण्यास सांगण्यात आले आहे. करावे का?

उत्तर : ताळेबंद कानाने जुळत नाही. ज्या विषयात आकड्यांच्या रांगा, सूत्रे किंवा आकृत्या हाच गाभा आहे तिथे आवाज हे चुकीचे साधन आहे, आणि तसे स्पष्ट लिहून कळवण्यात कमीपणा नाही. उदाहरण सोडवून दाखवायचे तर कागदावर फिरणाऱ्या हाताचा पाच मिनिटांचा व्हिडिओ द्यावा. आवाजाला जागा आहे ती सूत्रांच्या आगेमागे : घसारा म्हणजे काय आणि तो वजा केला नाही तर मच्छीमार सोसायटीच्या ट्रॉलरचा हिशेब कसा फसवा होतो, किंवा सरासरी खरी असूनही चुकीचे चित्र कशी उभे करते, हे गोष्टीसारखे सांगता येते. असे दोन-तीन भाग करावेत आणि थांबावे.

प्रश्न : तयार झालेले भाग कोठे ठेवावेत? विद्यापीठाच्या शिक्षणप्रणालीवर की सर्वांसाठी खुल्या पॉडकास्टसेवेवर?

उत्तर : विषयाचे भाग खुले ठेवण्यास हरकत नसावी, विद्यार्थ्यांच्या चुकांवर बोलणारे भाग फक्त वर्गापुरते, कारण नाव न घेताही लहान गावात माणूस ओळखू येतो. कुठेही ठेवले तरी मूळ मुद्रण, संहिता आणि अंतिम फाइल यांची प्रत स्वतःजवळ, दोन वेगळ्या ठिकाणी असावी. अॅपलची ‘आयट्यून्स यू’ ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली, जगभरच्या विद्यापीठांनी तिथे व्याख्याने ठेवली आणि २०२१ च्या अखेरीस ती बंद झाली. ‘गुगल पॉडकास्ट्स’ २०२४ मध्ये गेले. दुसऱ्याच्या पडवीत ठेवलेले सामान घरमालक कधी हलवायला सांगेल याचा नेम नसतो.

प्रश्न : अंतर्गत मूल्यमापनासाठी निबंधाऐवजी विद्यार्थ्यांकडूनच पॉडकास्ट करून घ्यावा असे मनात आहे. गुण कसे द्यावेत? आणि यंत्राकडून आवाज तयार करून आणला तर कसे ओळखावे? (दापोली)

उत्तर : या महिन्यातील सर्व प्रश्नांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आवाजाच्या माध्यमाचा खरा लाभ ऐकणाऱ्यापेक्षा तयार करणाऱ्याला होतो. पंधरा पाने वाचून आठ मिनिटांत सांगायचे म्हटले की काय गाळायचे हे ठरवावे लागते, आणि समजल्याशिवाय गाळता येत नाही.

विषय विद्यार्थ्याच्या पायांखालचा द्यावा. किनाऱ्यावर रापण, म्हणजे वाळूवरून ओढायचे लांबलचक जाळे, ओढणारी मंडळी अजून आहेत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, जाळी विणत बसलेल्या माणसांना बोलायला निवांतपणा असतो, आणि नेमके त्याच वेळी आपले सत्र सुरू होते. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. ज्यांच्या जमिनीत ती आहेत त्या शेतकऱ्यांना त्याविषयी काय वाटते, हे विद्यार्थ्याने विचारावे. दशावतारात स्त्रीपात्र करणाऱ्या नटाशी बोलावे. विषय असा असला की यंत्राचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, कारण यंत्राला जाळी विणणाऱ्या आजोबांकडे जाता येत नाही.

तरीही गुणांची वाटणी अशी ठेवावी की नुसता गोड आवाज निर्णायक ठरू नये. मी वीसपैकी आठ गुण शोधाला आणि वाचनाला देतो, त्यासाठी कच्ची मुद्रणे आणि कामाची रोजनिशी मागवतो. पाच मांडणीला, दोन आवाजाच्या सुस्पष्टतेला आणि पाच तोंडी प्रश्नोत्तरांना. पाच मिनिटांच्या फोनवर ‘हा प्रश्न तुम्ही का विचारला, आणि उत्तरातला कोणता भाग कापला?’ एवढे विचारले की काम कोणी केले ते कळते. ज्याच्याकडे चांगला मोबाइल नाही किंवा ज्याला बोलताना अडचण येते, त्याला संहिता आणि मुलाखतीचे शब्दांकन देण्याची मुभा असावी. तिघांचे गट केल्यास मोबाइलची अडचण कमी होते, पण रोजनिशी प्रत्येकाने स्वतंत्रच लिहावी.

दोन बाबतींत ढिलाई करू नये. पार्श्वभूमीला चित्रपटगीत लावण्याचा मोह सर्वांना होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अध्यापनाच्या ओघात केलेल्या वापराला काही सवलत आहे, परंतु तोच भाग जगासाठी खुला केल्यावर त्या सवलतीवर विसंबू नये. गाण्याऐवजी बंदरावरचा किंवा देवळातला आवाज स्वतः मुद्रित करावा. दुसरी बाब संमतीची. बोलण्यापूर्वी हे कशासाठी आहे, कोण ऐकेल आणि नको वाटल्यास काढून टाकता येईल, हे त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगून त्याचा होकार मुद्रणातच घ्यावा.

मुलाखत देणाऱ्यांची मालवणी किंवा संगमेश्वरी बोली विद्यार्थी पुष्कळदा ‘शुद्ध’ करून सांगतात. ते थांबवावे, बोली जशीच्या तशी ऐकवावी आणि अर्थ लेखी रूपात द्यावा. पूर्ण झालेला भाग आपल्याकडे येण्यापूर्वी मुलाखत देणाऱ्याला ऐकवून आणण्याची अट घालावी. माझ्या एका विद्यार्थ्याने पूर्ण भागात जाळ्याच्या दोन प्रकारांची नावे उलटसुलट सांगितली होती, आणि ती चूक माझ्या ध्यानात आली नसती. ऐकणाऱ्या आजोबांनी ती पहिल्याच मिनिटाला पकडली आणि मुलाला तो भाग पुन्हा मुद्रित करायला लावला.